प्रासुक पाणी

दुसऱ्यांदाही पट्टी कोरीच राहिली.

त्रिशलाने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. बोटभर लांबीचा पांढरा कागद. रोज सकाळच्या लघवीत बुडवायचा. त्यावर हिरवी रेघ उमटली की समजायचं, आतले राखणदार जिवंत आहेत. रेघ जांभळी आली तर राखणदारांना चोर सापडला, लगेच दवाखाना गाठायचा. आणि काहीच उमटलं नाही, तर आत राखायला कुणी उरलेलं नाही.

"उन्हात धरून काय उमटणार हाय? पापड हाय का तो?" दारातून तिचे यजमान धन्यकुमार म्हणाले. चेष्टा करायची म्हणून केली, पण आवाजात जोर नव्हता. ते पुढे आले, पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. कृष्णाकाठी त्यांची उसाच्या आणि भाजीच्या रोपांची नर्सरी होती. कोणतंही रोप लागलं की नाही हे त्यांना पानाच्या नुसत्या मानेवरून कळे. इथे पान नव्हतं.

"मागल्या आठवड्यात चांगलं तरारलं होतं की," ते म्हणाले.

"होतं."

"मग?"

त्रिशलाची पूजा व्हायची होती. पट्टी तिने कागदात गुंडाळून ठेवली आणि ती आंघोळीला गेली.

*

मूत्राशयाचा कर्करोग हा हरळीसारखा असतो. दुर्बीण आत घालून तो खरवडून काढता येतो. पण मुळाचा एखादा धागा राहतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कोपऱ्यात कोंब दिसतो. त्रिशलाच्या घरात कुणी बिडी ओढत नव्हतं, तंबाखूला कुणी शिवत नव्हतं. तरी तो तिला झाला. सुरुवातीला लघवीतून रक्त गेलं ते बायकांचं नेहमीचं जळजळणं म्हणून अंगावर काढलं गेलं. कळलं तेव्हा गाठ जहाल जातीची होती, पण अजून वरच्या अस्तरातच होती.

पूर्वी यावर एक विचित्र वाटावा असा उपाय असे. क्षयाच्या लशीतले दुबळे जंतू नळीवाटे मूत्राशयात सोडत आणि रुग्ण ते दोन तास दाबून धरी. त्या परक्या जंतूंना हुसकावायला शरीराची फौज धावून येई, आणि त्या धामधुमीत कर्कपेशीही मारल्या जात. उपाय गुणकारी होता, पण फौज आली तशी परत जाई. पुन्हा जंतू, पुन्हा नळी, पुन्हा जळजळ.

आता नवं तंत्र आलं होतं. निरोगी माणसाच्या मूत्राशयातही काही निरुपद्रवी जीवाणू वस्ती करून असतात. त्यातले रुग्णाचे स्वतःचे जीवाणू काढायचे, त्यांच्या गुणसूत्रात दोन नव्या सवयी विणायच्या आणि परत आत सोडायचे. तिथे ते अस्तरावर सायीसारखे पसरून राहत. कर्कपेशीच्या अंगावर जी एक खूण असते ती त्यांना ओळखता येई, आणि जिथे खूण सापडली तिथेच ते औषधाचा थेंब सोडत. ही पहिली सवय. दुसरी सवय म्हणजे आपण जागे आहोत हे रोज कळवायचं. ती हिरवी रेघ. डॉक्टर त्यांचं लांबलचक नाव घेत, पण रुग्णांनी त्यांना राखणदार म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं.

कित्येकांच्या पोटात हे राखणदार वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. त्रिशलाच्या पोटात ते दोनदा मेले.

*

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉ. रेहाना मुल्ला तिथल्याच. बोलायला मोकळ्या. त्यांनी पडद्यावर मूत्राशयाचं चित्र लावलं आणि खुर्ची त्रिशलाकडे ओढून घेतली.

"मावशी, अजून एकदा लावते. तेवढंच. त्यानंतर नाही."

"का हो?" धन्यकुमारांनी विचारलं. "रोप लागलं नाही तर आम्ही दहादा लावतो."

"कारण प्रत्येक वेळी मध्ये काही आठवडे राखण नसते, मामा. तेवढ्यात ह्यांचा आजार खाली स्नायूत उतरला, तर मग राखणदारांचा उपयोग नाही. मूत्राशय काढावं लागेल. आतड्याच्या तुकड्यातून वाट करून पोटावर एक तोंड काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची. लघवी त्या पिशवीत जमत राहते." त्या त्रिशलाकडे वळल्या. "माणूस चांगलं जगतं त्यात, हे पण सांगते. पण ते शेवटी. त्याआधी मला कळायला पाहिजे की तुमच्याकडेच हे का मरतात. काही औषध घेता? काढा, भस्म, झाडपाला?"

"तुम्ही दिलेल्या गोळ्या सोडून काही नाही."

"नक्की?"

"खोटं कशाला सांगू बाई?"

"पाणी किती पिता?"

"दिवसभर पिते की."

"आणि रात्री?"

"सूर्यास्तानंतर नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे थेंबसुद्धा नाही?"

"नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नियम घेतला. तेव्हापासून."

"मी रमजानात रोजा धरते, मावशी. मला कळतंय तुम्ही काय सांगताय ते." त्या थोडं हसल्या. "पण माझ्या पोटात कुणी राहायला आलेलं नसतं. तुमची लघवी रात्रभर घट्ट होत जाते, क्षार वाढतात. ती साय आक्रसत असणार. मला खात्री नाही, अंदाज आहे. पण दुसरं काही दिसत नाही. ह्या वेळी रात्री पाणी प्या. दर थोड्या वेळानं."

परतीच्या बसमध्ये धन्यकुमार उसाच्या रानांकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "बरं झालं, कारण तरी सापडलं."

*

कारण सापडलं आणि घरात भांडण सुरू झालं.

भांडण म्हणजे एकटा पार्श्वच बोलायचा. त्रिशलाचा हा मुलगा रानांवर फवारणीची यंत्रं उडवायचा आणि घरीही तसाच वरून बोलायचा.

"आई, तू पाणी गाळून पितेस. कशाला? त्यातला जीव मरू नये म्हणून. बरोबर?"

"हं."

"आणि पोटात जे लावलेत ते काय दगड हाईत? कोट्यवधी जीव रोज रात्री तहानेनं मारतीयास तू. हे कुठल्या शास्त्रात बसवतीस?"

"पार्श्व," धन्यकुमार म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा अण्णा. तुम्हीच लाडावलंय हिला."

त्याची बायको अमृता भाजी निवडत होती. ती खाली मान घालून म्हणाली, "लाडावलंय म्हणे. जसं काही आई रात्री आइस्क्रीम मागतायत." त्रिशलाला हसू आलं. पार्श्वला आलं नाही. तो उठून गेला.

पण त्याचा प्रश्न मागे राहिला. त्रिशलाला रोगाची भीती होती तशी होतीच. तिची खरी धास्ती मात्र निराळी होती आणि ती घरात कुणाशी बोलली नव्हती.

गावात चातुर्मासासाठी मुनिसंघ यायचा. नग्न, अनवाणी, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. सकाळी एकदाच आहार घ्यायचे, तोही उभ्यानं, हातांच्या ओंजळीत. ज्या घरांनी चौका मांडला, म्हणजे सोवळ्यात शुद्ध स्वयंपाक केला, त्या घरातली माणसं दारात कलश घेऊन उभी राहत. मुनी येताना दिसले की पुढची बाई त्यांना बोलावी, ते थांबले तर त्यांना आत नेई आणि म्हणे: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. मन, बोलणं आणि शरीर शुद्ध असल्याचे हे शब्द म्हणणारी साक्षीदार असते. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून मुनी तोंडात घास घालतात. विचारपूस करत नाहीत, तपासत नाहीत. मगदुमांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, दारात इतकी वर्षं ते शब्द त्रिशला म्हणत आली होती.

गावचा रिवाज असा की, ज्याच्या अंगावर वाहती जखम आहे, नळी किंवा पिशवी आहे, त्यानं पुढे उभं राहायचं नाही. कुणी हाकलत नसे. माणूस आपणहून मागे सरे. शेजारच्या राजमतीकाकूंचा पाय साखरेनं चिघळला तेव्हा त्या अशाच मागे सरल्या होत्या आणि मग त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, येणंही कमी केलं होतं.

पिशवी लागली तर कायशुद्धी कशी म्हणायची? आणि रात्री पाणी प्यालं तर व्रत मोडलं. एकीकडून अंग जात होतं, दुसरीकडून नेम.

धन्यकुमारांनी ह्या काळात घरातलं पाण्याचं काम अंगावर घेतलं होतं. आधी त्रिशला रोज पाणी गाळून, मोठ्या पातेल्यात उकळून, प्रासुक म्हणजे निर्जीव करून ठेवायची. गाठ पहिल्यांदा खरवडून काढल्यावर तिला पातेलं उचलायची मनाई झाली. धन्यकुमारांनी दोन दिवस उकळलं आणि तिसऱ्या दिवशी फोनवर बोलता बोलता पातेलं करपवलं. तेव्हा राजमतीकाकूंनी सांगितलं, "अहो, विस्तव कशाला? गाळलेल्या पाण्यात लवंग कुटून टाका. तेही प्रासुकच. पूर्वीपासून चालत आलंय." तेव्हापासून रोज पहाटे खलबत्त्याचा आवाज यायचा. पाण्याला लवंगेचा वास, किंचित तिखट चव. त्रिशलाला ते आवडायचं. साठ वर्षांच्या पुरुषानं बायकोसाठी सोवळ्यात पाणी करावं ह्याचं बायकांना कौतुक होतं आणि धन्यकुमारांना त्या कौतुकाचं.

*

संघातल्या साध्वी, आर्यिका सुनयमती माताजी, बस्तीच्या मागच्या खोलीत पाटावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, बारीक केस, गुडघ्याशी पुस्तक. वय फार नव्हतं. दीक्षेआधी त्या बँकेत होत्या असं म्हणत.

त्रिशलाने वंदामि केलं आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं.

"व्रत कुणाला दिलं होतंस?" माताजींनी विचारलं.

"देवासमोर घेतलं."

"समोर घेतलंस, पण दिलंस कुणाला? भगवंताला काही नको असतं. ते आपण आपल्याला देतो. म्हणून सूटही मी देऊन भागणार नाही. तुलाच तुझ्याकडे मागावी लागेल."

"ते अवघड आहे माताजी."

"आहेच." त्या जराशा हसल्या. "सोपं असतं तर तू माझ्याकडे आली असतीस का?"

त्रिशलाने धीर करून विचारलं, "मुलगा म्हणतो, आतले जीव माझ्या नेमानं मरतात. तो दोष मला लागतो का?"

माताजींनी पुस्तक बाजूला सरकवलं. "ते आपणहून आले नाहीत, आणून ठेवलेत. पण तुझ्या आधारावर आहेत एवढं खरं. कळत नव्हतं तोवर गोष्ट वेगळी. आता कळलंय. तहानेलं कुणी दारात असताना आपला नेम सांगत बसायचं का, ते तू ठरव. पाणी घेतलंस तर औषध म्हणून घे, चवीसाठी घेऊ नकोस. आणि रोज एक माळ जास्त कर. ती शिक्षा नव्हे. नेम आठवणीत राहावा म्हणून."

त्रिशला घरी आली. तिन्हीसांजेला बस्तीतली आरती ऐकू आली. एरवी त्यापूर्वीच तिचं जेवणपाणी उरकून तोंड धुऊन झालेलं असे. धन्यकुमार तांब्या-भांडं घेऊन आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आज जरा जास्तच कुटल्यात," ते हळूच म्हणाले. "रात्रीचं पाणी. तुला दोष लागायला नको. जितकं निर्मळ करता येईल तितकं केलंय."

तिने भांडं दोन्ही हातांत धरलं. तिने डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग दुसरा. धन्यकुमार तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बस झालं?"

"अजून द्या. औषध आहे ना."

त्यांनी भांडं भरलं. पाण्याचा वास खोलीभर पसरला होता.

*

तिसऱ्यांदा राखणदार सोडले. पहिल्या सकाळी रेघ इतकी गडद आली की पार्श्वने तिचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. "बघितलं? नुसतं पाणी प्यायला पाहिजे होतं!" त्याने आईच्या खांद्यावर हात टाकला. बऱ्याच दिवसांनी टाकला होता.

मग रेघ फिकट झाली. धन्यकुमार म्हणाले, नवीन रोप पहिल्यांदा मान टाकतं, मग धरतं. त्रिशला रात्री आणखी पाणी पिऊ लागली. ते आणखी लवंग कुटू लागले. रेघ पोपटी झाली, मग नुसता भास उरला, आणि एका सकाळी पट्टी कोरी निघाली. पहिल्या दोन खेपांपेक्षा ह्या वेळी सगळं लवकर आटोपलं होतं.

दुर्बिणीतून तपासलं तेव्हा नवा कोंब दिसला. तुकडा काढून पाहिला. तो स्नायूत शिरलेला होता.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी डॉ. मुल्लांचा फोन आला. त्रिशला स्वयंपाकघरात होती.

"मावशी, तुमची दाढ दुखते का?"

"नाही बाई. दात चांगले आहेत अजून."

"मग लवंगेचं तेल लावता का कशासाठी? लवंग चघळायची सवय?"

"लवंग?" त्रिशला म्हणाली. मग तिची नजर कट्ट्यावरच्या खलबत्त्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"मेलेल्या सायीचा नमुना मी पुण्याला पाठवला होता. त्यात लवंगेतल्या तेलाचा अंश सापडलाय. भरपूर. कसं होतं, सांगते. ते तेल पोटात गेलं की यकृत त्याला साखरेच्या एका कणाशी बांधून टाकतं. बांधलेलं तेल कुणाला काही करत नाही, गुपचूप लघवीवाटे निघून जातं. आपण सगळेच मसाल्यात खातो की. पण ह्या राखणदारांना ती साखर आवडते. ते ती सोडवून खातात, आणि मोकळं झालेलं तेल तिथंच त्यांच्या अंगावर सांडतं. मसाल्यातल्या चिमटीनं काही होत नाही. पण रोज, सतत—"

"प्यायचं सगळं पाणी लवंगेचं असेल तर?"

"सगळं पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

त्रिशलाने सांगितलं. प्रासुक म्हणजे काय, तेही सांगितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे रात्रीचा नेम त्याला कारण नव्हता?"

"बहुतेक नव्हता. माझा अंदाज चुकला, मावशी. मी औषधं विचारली. पाण्यात काय घालता हे मला सुचलंच नाही."

"मलाही सुचलं नाही. ते औषध थोडंच आहे." ती थांबली. "आता लवंग सोडली तर?"

"आता ते खाली उतरलंय. राखणदार वरच्या अस्तरावर फिरतात. भिंतीच्या आत त्यांचा हात पोचत नाही."

"बरं."

"मावशी, रडू नका."

"मी रडत नाही." ती खरंच रडत नव्हती. "तुम्ही हे लिहा. सगळ्या दवाखान्यांना कळवा. आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. नाव तेवढं घालू नका. आणि आमच्या ह्यांना सांगू नका."

डॉक्टर म्हणाल्या, "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं, तर मला खोटं सांगता येणार नाही."

"ते तुम्हाला नाही विचारणार," त्रिशला म्हणाली. "मला विचारतील."

*

त्यांनी संध्याकाळी विचारलं. नर्सरीतून आले, पाय धुतले, ओल्या पायांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आत आले नाहीत.

"अमृताच्या येताजाता कानावर पडलं, डॉक्टरीणबाईंशी फोनवर लवंगेचं काहीतरी बोलणं चाललं होतं."

"हं."

"लवंगेनं झालं का हे?"

त्रिशला वाती वळत होती. तिने मान वर केली. धन्यकुमारांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, नखांत माती होती. तोंडावर तिला काही वाचावं लागलं नाही. कोवळ्या रोपांवर चुकीची फवारणी होऊन सबंध वाफा जळाला होता तेव्हा ते असेच उभे होते, आणि पुढे कितीतरी दिवस जेवताना मधेच थांबायचे.

"नाही," ती म्हणाली. "दाढ दुखते का, लवंग लावता का, असं विचारत होत्या. ऑपरेशनच्या आधी दात बघतात म्हणे."

"मग ते रात्री पाणी न पिण्यानंच."

"त्यानंच. मी आधी ऐकायला पाहिजे होतं. उशीर झाला."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आत आले, तिच्याजवळ बसले. "जाऊ दे," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नको. तू काय मुद्दाम केलंस? नेम होता तुझा." आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा चुकलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात.

"पाणी उद्यापासून अमृताला उकळायला सांगते," ती म्हणाली. "ऑपरेशन आहे. उकळलेलंच बरं."

"लवंग नको?"

"नको."

त्यांनी मान डोलावली. खलबत्ता फडताळात गेला.

गावात गोष्ट पसरायची तशी पसरली. त्रिशलाक्कांनी हट्टानं रात्री पाणी घेतलं नाही, म्हणून मूत्राशय गेलं. पार्श्व हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या परीनं तो लोकांचं भलं करत होता. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका सुनेनं तिचा वर्षभराचा नेम सोडला, "अक्कांचं बघून" म्हणाली. राजमतीकाकू भेटायला आल्या, पलंगाशी बसून पुटपुटल्या, "आपल्या व्रतानं असं करावं का गं?" त्रिशलाने त्यांचा हात हातात घेतला. ज्या नेमाला तिनं उभ्या संसारात जपलं होतं, त्याच्यावर आळ घेतलेला ती ऐकत राहिली.

*

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. गाठी बाहेर कुठे पोचल्या नव्हत्या. पोटाच्या उजव्या अंगाला डाळिंबाच्या कळीसारखं लाल, ओलसर तोंड आलं आणि त्यावर पिशवी बसली. परिचारिकेनं ती बदलायला शिकवली: भोवतालची कातडी कोरडी करायची, चकतीचं भोक तोंडाच्या मापाचं कापायचं, हाताच्या उबेनं दाबून चिकटवायची. पहिल्यांदा त्रिशलाच्या हातून ती गळली आणि लुगडं भिजलं. तेव्हा मात्र ती रडली. अमृतानं चादर बदलली आणि म्हणाली, "आई, पार्श्व लहानपणी किती भिजवायचा तुम्हाला? त्याच्याकडनं वसूल करा आता." पुढे पुढे गळणं थांबलं. केमोच्या खेपा झाल्या, केस गेले आणि मऊ पांढरे परत आले. रात्रीचं पाणी त्रिशलानं पुन्हा सोडलं नाही. आता डॉक्टर मूत्रपिंडासाठी प्या म्हणत होत्या. ती औषध म्हणून पीत होती आणि जास्तीची माळ ओढत होती.

पुढच्या चातुर्मासात मगदुमांचा चौका ठरला, तेव्हा अमृताच पुढे उभी राहणार हे न बोलता ठरलं होतं. धन्यकुमारांना मात्र ते सोसवलं नाही. ते कुणाला न सांगता माताजींकडे गेले, आणि परत आले ते अंगणातूनच ओरडत.

"त्रिशला! माताजींनी संघातल्या थोरल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, पिशवी बंद असते, वाहत नाही. आंघोळ करून नवी लावली की अंग शुद्धच. पिशवीचं कारण सांगून कुणाला मागं ठेवू नका म्हणाले. रिवाजच मोडला की गं! राजमतीकाकूंना पण सांगितलंय मी येता येता."

त्यांचे डोळे भरले होते. पार्श्वसुद्धा "वा!" म्हणाला. त्रिशलाने हात जोडले आणि ती देवघरात जाऊन बसली.

त्या सकाळी तिने आंघोळ केली, नवी पिशवी लावली, सोवळं नेसली. स्वयंपाक तिच्या देखरेखीत झाला. पाणी उकळून निवलेलं होतं. सगळे दारात रांगेनं उभे राहिले. धन्यकुमारांनी कलश तिच्या हातात दिला आणि तिला मधोमध, पुढे उभं केलं. रस्त्याच्या वळणावर मोरपिसांची पिंछी दिसली.

त्रिशला वळली आणि कलश तिने अमृताच्या हातात दिला.

"आई?" अमृता दचकली. "आता तर परवानगी आहे."

"तू हो पुढे."

"अगं, लाजतीस कशाला?" धन्यकुमार कुजबुजले. "शुद्ध आहे म्हणाले ते."

"ते म्हणाले ते खरंच आहे," ती म्हणाली. "पण अमृता म्हणू दे."

बोलायला वेळ नव्हता. अमृताने हाक घातली, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" महाराज आले, आणि दारात थांबले. घरच्यांनी त्यांना प्रदक्षिणा घातली, आत नेलं, पाटावर बसवून पाय धुतले. त्रिशला सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीशी होती.

महाराज उभे राहिले. अमृतानं हात जोडले. तिचा आवाज थोडा कापत होता.

"मनशुद्धी," ती म्हणाली. मागे त्रिशलाचे ओठ तिच्याबरोबर हलले.

"वचनशुद्धी."

त्रिशलाचे ओठ मिटलेले राहिले.

"कायशुद्धी," अमृता म्हणाली, आणि ह्या वेळी मागून त्रिशलाचाही आवाज आला, चांगला खणखणीत. धन्यकुमारांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ते समाधानानं हसले आणि महाराजांच्या ओंजळीत पहिलं पाणी घालायला पुढे झाले.